पोटखराब्याचा धनी
(प्रौढांच्या वर्गापुढे केलेले भाषण)

आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजण हसतील. हसा, हरकत नाही. आज मी बेडकाविषयी बोलणार आहे. तोही मोठा, डराव डराव करणारा बेडूक नव्हे. हाताच्या अंगठ्याएवढा, अंगावर खरबरीत फोड असलेला, पाहिला तर कोणाला घेववणारही नाही असा एक लहान जीव. पण या जिवाच्या निमित्ताने आपल्याला आपल्या जमिनीविषयी काही शिकता येईल. म्हणून थोडा वेळ ऐका.

आता तुम्हांला वाचता येऊ लागले आहे. घरी सातबाऱ्याचा उतारा असेल तर तो काढून वाचा. त्यात एक शब्द सापडेल, "पोटखराबा". म्हणजे काय? तर आपल्या जमिनीतला असा तुकडा, की ज्यात पीक येत नाही. कुठे नाला असतो, कुठे खडक असतो, कुठे नुसता उघडा कातळ असतो. आपण म्हणतो, "ही जमीन काही कामाची नाही." आपल्या हिशेबाने ते खरेही आहे. कातळावर बाजरी येत नाही आणि नागलीही येत नाही.

पण आपला हिशेब एवढाच एक हिशेब आहे का? ज्या कातळाला आपण खराबा म्हणतो, तोच कोणाचा तरी वाडा असला तर? आणि साऱ्या जगात त्याला दुसरे घरच नसले तर? आजची गोष्ट अशाच एका घराची आणि त्याच्या धन्याची आहे.

बेडूक आणि भेक

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आपण सगळ्यांनाच बेडूक म्हणतो. पण त्यात दोन तऱ्हा आहेत. एकाची कातडी गुळगुळीत आणि ओली असते. त्याचे मागचे पाय लांब असतात. तो लांब उडी मारतो आणि पाण्याच्या जवळ राहतो. हा बेडूक. दुसऱ्याची कातडी खरबरीत आणि कोरडी दिसते. त्याचे पाय आखूड असतात. तो उडी मारण्यापेक्षा टुणटुण चालतो. याला पुस्तकात भेक म्हणतात.

भेक तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. पावसाळ्यात संध्याकाळी ओट्यावर दिवा लागला, की त्याच्याखाली येऊन बसतो तो भेकच. दिव्यावर आलेले किडे तो जिभेने टिपतो. रात्रभर त्याचे हेच काम चालते. तो मजुरी मागत नाही.

लोक म्हणतात, याला हात लावला की चामखीळ येते. ते खरे नाही. त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगीर गाठी असतात. कोणी त्याला तोंडात धरले तर त्या गाठींतून पांढरा चीक निघतो. तो विषारी असतो. म्हणून कुत्र्याने भेक पकडला तर त्याच्या तोंडाला फेस येतो. पण भेक आपण होऊन कोणाच्या वाटेला जात नाही. चुकून हात लागला तर हात स्वच्छ धुवावे, म्हणजे झाले.

आणखी एक नवल सांगतो. बेडूक आणि भेक तोंडाने पाणी पीत नाहीत. ते कातडीने पाणी पितात. ओल्या जमिनीवर बसले, की त्यांची कातडी पाणी शोषून घेते. श्वासही ते थोडा कातडीवाटे घेतात. म्हणजे जमिनीवर आणि पाण्यात जे जे असेल, ते ते त्यांच्या अंगात जाते. चांगले असेल तर चांगले आणि विष असेल तर विष. हे ध्यानात ठेवा. पुढे याचा उपयोग होणार आहे.

आंबोलीचा सडा

आता आपण जरा लांब जाऊ. आपले नाशिक सह्याद्रीच्या कुशीत आहे. हाच सह्याद्री धरून थेट दक्षिणेला निघालो, तर सरळ रेषेत सुमारे साडेचारशे किलोमीटरवर आंबोली नावाचे गाव लागते. सिंधुदुर्ग जिल्हा, सावंतवाडी तालुका. सावंतवाडीहून बेळगावला जाणारा घाटरस्ता या गावातून जातो.

आपल्याकडे त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. तशी आंबोलीला हिरण्यकेशी नदी उगम पावते. आपली गोदावरी पूर्वेला वाहते, तशी हिरण्यकेशीही पूर्वेला वाहते. ती पुढे घटप्रभेला मिळते आणि तिचे पाणी कृष्णेत जाते. एवढे साम्य आहे. पण पावसात मोठा फरक आहे. नाशिक शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीला त्याच्या दसपट, म्हणजे सुमारे ७००० मिलिमीटर पडतो. इगतपुरीच्या लोकांना पाऊस नवा नाही. पण आंबोलीचा पाऊस पाहून तेही तोंडात बोट घालतील.

दुसरा फरक दगडात आहे. आपला दगड काळा. आंबोलीच्या डोंगरांवर लाल दगड आहे. त्याला जांभा म्हणतात. हा दगड कसा झाला? लाखो वर्षे पाऊस दगडावर पडत राहिला. दगडातले बरेचसे अंश पाण्याबरोबर वाहून गेले आणि लोखंडाचा अंश मागे राहिला. लोखंडाला गंज चढला की तांबूस रंग येतो ना? तोच रंग जांभ्याला आला. या दगडाला बारीक बारीक छिद्रे असतात आणि वर लहान मोठे खळगे असतात.

अशा जांभ्याच्या उघड्या पठाराला तिकडे सडा म्हणतात. सड्याच्या कडेला दाट रान असते आणि मध्ये उघडा कातळ. उन्हाळ्यात हा कातळ तव्यासारखा तापतो. त्या वेळी पाहिले, तर कोणीही म्हणेल की हा पोटखराबा आहे.

तीस अंडी आणि दोन बोटे पाणी

पण जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस होऊ द्या. कातळावरचे खळगे भरतात. पाणी किती? बोट-दोन बोटे. त्यात आपला पायही नीट बुडणार नाही. मग कडेच्या रानातून, दगडांच्या फटींतून, पालापाचोळ्याखालून अंगठ्याएवढे भेक बाहेर पडतात आणि या डबक्यांपाशी जमतात. त्यांच्या बाजूला पिवळा रंग असतो आणि त्यावर वाघासारखे पट्टे असतात. हा आंबोलीचा भेक. आपल्या गोष्टीतला धनी तो हाच.

मादी या डबक्यात अंडी घालते. इथे त्याची रीत जगावेगळी आहे. आपल्या ओट्यावरचा भेक पाण्यात अंड्यांच्या लांबच लांब माळा सोडतो. एका वेळी हजारो अंडी. त्यातली पुष्कळ मासे खातात, पुष्कळ वाहून जातात. तरी काही उरतात. आंबोलीचा भेक माळ घालत नाही. तो अंड्यांचा एक लहान पुंजका घालतो. अंडी किती? साधारण तीसच्या आसपास!

मंडळी, हा व्यवहार नीट पाहा. एकाने पोते भरून बी फेकले. दुसऱ्याने पसाभर बी हाताने टोकले. पसाभर बी टोकणाऱ्याला आपली जागा नीट पारखून घ्यावी लागते. उथळ डबक्यात मासे नसतात, हा त्याचा फायदा. ऊन लागले की पाणी लवकर कोमट होते, तेही पिलांना बरे. पण पावसाने चार दिवस दडी मारली तर डबके आटते. पाऊस फार झाला तर पाणी वाहून जाते. शेपटीवाली काळी पिले त्या दोन बोटे पाण्यात वाढतात. पुढे त्यांना पाय फुटतात, शेपटी जाते आणि ती जमिनीवर येतात. हे सारे पावसाळ्यातच उरकावे लागते. पाऊस सरला की डबके नाही. डबके नाही, तर पुढची पिढीही नाही.

म्हणजे आपल्या शेतकऱ्यासारखेच झाले. त्याचाही सारा संसार मृगाच्या पावसावर उभा.

नाव मिळाले २००९ साली

हा जीव आंबोलीला लाखो वर्षांपासून असेल. आंबोलीच्या लोकांच्या पायांखाली तो रोज येत असेल. पण शास्त्राच्या वहीत त्याचे नाव नव्हते. ते नाव पडले २००९ साली.

त्याची कथा अशी. याचा एक भाऊबंद आधीच माहीत होता. सातारा जिल्ह्यात कोयनेचे धरण बांधले जात होते. त्या सुमारास, १९६३ साली, सोमण नावाच्या प्राणिशास्त्रज्ञांनी कोयनेच्या भागातल्या एका लहान भेकाचे वर्णन लिहिले. त्याला कोयनेचेच नाव मिळाले. पुढे दिल्ली विद्यापीठाचे डॉ. बिजू, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतले वरद गिरी आणि युरोपातले त्यांचे जोडीदार यांनी आंबोलीचा भेक तपासला. त्यांनी त्याचे अंग पाहिले, त्याची अंडी घालण्याची रीत पाहिली आणि त्याचे रक्ताचे नाते तपासले. तेव्हा कळले की आंबोलीचा भेक हा नवा, निराळा जीव आहे. कोयनेचा भेक त्याचा सख्खा भाऊ आहे. आणि हे दोघे मिळून एक वेगळेच घराणे आहे.

या घराण्याला शास्त्रात "झँथोफ्रायनी" म्हणतात. शब्द अवघड आहे, पण अर्थ सोपा आहे: पिवळा भेक. आंबोलीच्या भेकाचे पुढचे नाव "टायगेरिना", म्हणजे वाघासारखा. अंगठ्याएवढ्या जिवाला वाघाचे नाव!

हे अख्खे घराणे फक्त सह्याद्रीत आहे. आफ्रिकेत नाही, चीनमध्ये नाही, हिमालयातही नाही. आंबोलीचा भेक तर आंबोलीच्या आणि तिच्या आसपासच्या थोड्याशा भागातच सापडतो. कोणी विचारील, तो दुसरीकडे का जात नाही? अहो, जाणार कसा? पाय आखूड, अंग लहान, कातडीला सारखी ओल हवी. एक डोंगर उतरून, कोरडे माळ ओलांडून, दुसऱ्या डोंगरावर चढणे त्याला जमत नाही. आपल्याला जी दोन डोंगरांमधली दरी, तो त्याला समुद्र आहे. त्याचा सडा म्हणजे त्याचे बेट.

संकट कोणते?

जगातले शास्त्रज्ञ कोणता जीव किती संकटात आहे याची यादी ठेवतात. त्या यादीत कोयनेचा भेक संकटग्रस्त आहे. आंबोलीचा भेक त्याच्याही वरच्या पायरीवर आहे, म्हणजे अतिशय संकटात. त्याच्यानंतरची पायरी म्हणजे रानातून नाहीसे होणे.

आणि हा एकटाच नाही. २०२३ साली साऱ्या जगातल्या बेडूक, भेक आणि त्यांच्या जातभाईंचा हिशेब झाला. शंभर जातींमागे सुमारे ४१ जाती संकटात आहेत, असे त्यात दिसून आले. एवढा वाईट आकडा पक्ष्यांचा नाही आणि केसाळ जनावरांचाही नाही. का? मघाशी सांगितले ते आठवा. ते कातडीने पाणी पितात. हवा बदलली, पाणी बिघडले, तर पहिला घाव त्यांच्यावर बसतो.

आंबोलीला संकट कसे येते ते पाहू. पावसाळ्यात धबधबे बघायला हजारो माणसे येतात. गाड्या येतात. भेक नेमका पावसातच बाहेर पडतो, रस्ता ओलांडतो आणि चाकाखाली जातो. गाडी उभी करायला कोणी उघड्या कातळावर नेली, तर त्याला वाटते, दगडावर तर उभी केली, कोणाचे काय गेले? पण तिथल्या डबक्यात तीस अंडी असतात. चाक गेले की एका मादीचा वर्षाचा संसार गेला.

कोकणात जांभ्याचे चिरे काढून घरे बांधतात. सडे फोडून, माती टाकून बागा लावतात. यात कोणाचा दुष्टपणा नाही. माणसाला घर पाहिजे, चार पैसे पाहिजेत. ते नको असे सांगणारा मी कोण? पण एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. शेत एक वर्ष पडले तर पुढच्या वर्षी पेरता येते. झाड तोडले तर दुसरे लावता येते. फोडलेला कातळ मात्र पुन्हा होत नाही. तो व्हायला लाखो वर्षे लागली आहेत. त्याच्याबरोबर गेलेला भेक पैसे टाकून बाजारातून आणता येणार नाही.

कोणी म्हणेल, "गेला एक बेडूक, तर आमचे काय बिघडले?" याला दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर व्यवहाराचे. बेडूक आणि भेक किडे खातात. साप, पक्षी बेडकांना खातात. साखळीची एक कडी तुटली तर बादली विहिरीतच राहते. शिवाय सड्यावर साठलेले पाणी झिरपून खालच्या झऱ्यांना जाते. डबके वाचले तर झराही वाचतो.

दुसरे उत्तर धर्माचे म्हणा, न्यायाचे म्हणा. पाऊस लांबला की आपल्याकडे काही गावांत बेडकाचे लग्न लावतात. काही ठिकाणी मुसळाला बेडूक बांधून दारोदार पाणी मागतात. पाऊस पाडणे काही त्या बेडकाच्या हाती नाही. त्याला बांधून हालहाल करणे बरेही नाही. पण त्या रीतीच्या मागे एक जाणीव आहे. पाणी एकट्या माणसाचे नाही, बेडकाचाही त्यात वाटा आहे, ही ती जाणीव. रीत सोडली तरी चालेल. ती जाणीव सोडू नका.

आपण काय करावे?

तुम्ही म्हणाल, आंबोली तिकडे, आम्ही इकडे. आमचा काय संबंध?

संबंध आहे. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या आपल्या तालुक्यांत डोंगर आहेत आणि डोंगरांवर उघडा कातळ आहे. पावसाळ्यात तिथेही डबकी भरतात. अंजनेरीच्या डोंगरावर एक नाजूक कंदीलफूल सापडले. शास्त्रज्ञांनी त्याला अंजनेरीचेच नाव दिले. तेही आधी गवतच समजले जात असेल. आपल्याही पोटखराब्याला धनी आहेत, हे त्यावरून समजावे.

म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. बागेवर, भाजीवर औषध मारले की पंप ओढ्यात किंवा डबक्यात धुऊ नका. आपला जिल्हा द्राक्षांचा. फवारणी पुष्कळ होते. रिकाम्या बाटल्या पाण्यात टाकू नका. ते पाणी बेडकाच्या अंगात जाते, तसेच गुरांच्या आणि आपल्याही पोटात जाते.

दुसरी गोष्ट. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यांत कातळावरून गाडी, ट्रॅक्टर नेऊ नका. वाटेने जा. रात्री घाटात गाडी असेल तर सावकाश चालवा. पाहुणे आले तर त्यांनाही सांगा.

तिसरी गोष्ट. मुले डबक्यातली पिले डब्यात भरतात, बेडकाला दगड मारतात. त्यांना रागावू नका. त्यांच्याबरोबर बसा आणि ती पिले रोज बघा. आधी मागचे पाय येतात, मग पुढचे येतात, मग शेपटी जाते. एकदा हे पाहिलेले मूल पुन्हा दगड उचलीत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती तुम्हां नवसाक्षरांच्या हातची आहे. २००२ साली जैवविविधतेचा कायदा झाला. जैवविविधता म्हणजे आपल्या शिवारातली तऱ्हेतऱ्हेची झाडे, पिके, जनावरे, पाखरे, किडे, सारे काही. या कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने एक समिती नेमायची असते. त्या समितीने एक नोंदवही करायची असते. आपल्या गावात कोणती झाडे आहेत, कोणते जीव आहेत, ते कुठे राहतात, लोक त्यांना काय म्हणतात, हे सारे त्यात लिहायचे असते. साहेब येऊन हे लिहू शकत नाही. त्याला तुमचे डोंगर कुठे माहीत? ज्या गुराख्याला प्रत्येक डबके ठाऊक आहे, ज्या आजीला प्रत्येक पाल्याचे नाव ठाऊक आहे, त्यांनी सांगायचे आणि तुम्ही लिहायचे.

लिहिल्याने काय होते? आंबोलीचेच उदाहरण घ्या. तिथे हिरण्यकेशीच्या उगमापाशी महादेवाचे देऊळ आहे. देवळाच्या कुंडात एक लहान मासा सापडला. २०२० साली त्याला हिरण्यकेशीचे नाव मिळाले. २०२१ साली राज्य सरकारने ती जागा जैवविविधतेचा वारसा म्हणून जाहीर केली. देवाच्या नावाने ते पाणी लोकांनी पिढ्यान् पिढ्या राखले होते. मासा वाचला तो त्यामुळे. पुढे कागदावर त्याचे नाव आले आणि त्या राखणीला कायद्याचे बळ मिळाले. आपल्याकडेही देवराया आहेत. त्यांत काय काय आहे, ते लिहून ठेवायला आजच सुरुवात करता येईल.

कचेरीच्या दारात आपण एक गोष्ट शिकलो आहोत. ज्याची नोंद नाही, त्याची दाद नाही. माणसाचे हे, तर मुक्या जिवाचे काय सांगावे? तो अर्ज करू शकत नाही. त्याच्या नावाचा सातबारा निघत नाही. त्याच्यासाठी कोणीतरी लिहावे लागते.

तेव्हा पहिला पाऊस झाला की आपापल्या शिवारातल्या कातळावर एक फेरी मारा. डबक्यात वाकून बघा. जे दिसेल ते वहीत लिहा. तारीख लिहा, जागेचे नाव लिहा, आपण त्या जिवाला काय म्हणतो तेही लिहा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. पुढच्या वर्षी त्याच जागी जा आणि पुन्हा लिहा. पाच वर्षांनी ती वही गावाच्या समितीपुढे ठेवा. त्या दिवशी सरकारी कागदावर जरी "पोटखराबा" असे लिहिलेले असले, तरी तुमच्या वहीत त्याच्या धन्याचे नाव असेल.